खांद्याची विचारपूस

अमरावतीच्या मैदानावर विभागीय सॉफ्टबॉलचा अंतिम सामना रंगात आला होता, आणि पिचर श्रुतिका गावंडेशी तिच्या जर्सीची बाही बोलत होती.

"खांदा दुखतोय का?"

"काही नाही होत," श्रुतिका म्हणाली. बाही लाकडासारखी ताठ झाली. लाल दिवा लागला.

पिचरने हात गरगर फिरवून खालून चेंडू टाकायचा; त्यात स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, झिजतात. त्यासाठीच ही ताणवेधी बाही सक्तीची झाली होती. तिच्या विणीतले तंतू ताण मोजत. पण ताण म्हणजे वेदना नव्हे, म्हणून खेळाडूला तोंडी विचारायचीही सोय होती. वऱ्हाडातल्या मुलींची उत्तरं ऐकता ऐकता बाही आपली आपणच शिकली: "काही नाही होत" म्हणणाऱ्या लवकरच हाडांच्या डॉक्टरकडे सापडतात, "दुखते" म्हणणाऱ्या वेळेवर शेकतात, आराम करतात आणि ठणठणीत राहतात. म्हणून पहिल्या उत्तराला ती ताठ होऊन हात अडवी, दुसऱ्याला मोकळा सोडी.

"काऊन वं, खरंच काही होत नाही, तं अडवते!" श्रुतिका वैतागली.

कॅचर अल्फियाने तोंडावरची जाळी वर सरकवली. "मंग दुखते म्हण ना, बावळट."

"दुखते."

बाही मऊ पडली. हिरवा दिवा.

ही युक्ती पुढे बिनबोभाट चालली. ढोके मॅडमना, म्हणजे संघाच्या प्रशिक्षिकेला, ती भलतीच आवडली. मंडपात राज्य संघाचे निवडकर्ते बसले होते. श्रुतिकाची जागा जवळजवळ पक्की होती.

शेवटच्या इनिंगमध्ये खांद्यात काहीतरी करकचून ओढलं गेलं. डोळ्यांपुढे अंधारी आली.

"खांदा दुखतोय का?"

खरं उत्तर जिभेवर होतं. ते दिलं असतं तर हिरवा दिवा लागला असता. श्रुतिकाने ओठ चावला.

"काही नाही होत."

लाल दिवा लागला. सुटले, असं तिला वाटलं, तोवर मॅडम धावत आल्या. "ऐकलं ना सगळ्यांनी? यंत्रापेक्षा माह्या पोरीचा शब्द खरा!" प्रशिक्षकाने हमी घेतली की बाहीला गप्प बसावं लागे. मॅडमनी बाहीवरच्या हमीच्या बटणाकडे हात नेला.

"मॅडम, दुखते!"

बाही मऊ पडली. हिरवा दिवा. मॅडमनी डोळा मारला. "हुशार आहेस. टाक आता."

श्रुतिकाने मॅडमकडे पाहिलं, मग बाहीकडे. दोघीही तिच्या भल्यासाठीच कान देऊन उभ्या होत्या. तिने एक शब्द न बोलता चेंडू मॅडमच्या हातात ठेवला आणि मैदानाबाहेर चालू लागली. निवडकर्त्यांचे चहाचे कप ओठांशीच थांबले. मॅडमचा चेहरा उतरला.

बाही क्षणभर गोंधळली. मग तिने तितक्याच नम्रपणे विचारलं, "हे उत्तर मी काय समजायचं?"