चौदाव्या पानाबाहेरची घरं

“बाई, चौदावं पान एकदा उघडून बघा,” मेश्रामकाका म्हणाले होते. “ती वस्ती फार लांबोडकी आहे.”

“हो काका, बघते,” असं मी म्हटलं आणि बघितलंच नाही. त्या दिवशी माझ्या मुलीच्या, चिनूच्या, अंगावर घामोळं उठलं होतं, अर्धं लक्ष तिच्याकडे. शिवाय संगणकानं कळवलं होतं : बत्तीस पानं तयार, चूक शून्य. मी पहिली तीन पानं चाळली आणि सगळी पाठवून दिली.

ही दोन हजार एक्कावन्न सालच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या खाणपुरात पारा पन्नाशीच्या पुढे गेला होता. अशा उन्हात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा जीव कधी घाबरा होतो, ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. म्हणून उष्मा-केंद्रानं बत्तीस फेरू कामाला लावले होते. फेरू म्हणजे कमरेएवढा, चाकांवर चालणारा यंत्रमानव. तो दार वाजवायचा, माणसाचं अंग किती तापलंय ते तपासायचा, पन्ह्याची बाटली द्यायचा आणि दाराच्या चौकटीवर निळा शिक्का मारायचा. उन्हानं मोबाइलचे टॉवर सारखे बंद पडत, त्यामुळे प्रत्येक फेरूच्या पोटात नकाशामालिकेचं (एकाच गावाचे तुकडे करून बनवलेल्या, ओळीनं क्रमांक दिलेल्या नकाशांचं) एकच पान भरलेलं असे. त्या पानावर जी घरं, तेवढंच त्याचं गाव. आणि ती पानं बनवायचं काम माझं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चौदा नंबरचा फेरू केंद्रात परतला. चिनू वाटच बघत होती. मी कामावर गेले की तिला सहा महिन्यांची असल्यापासून सांभाळणारी गिरजाआजी चौदाव्या वस्तीत राहायची. ऊन वाढल्यापासून मात्र मी चिनूला माझ्यासोबत केंद्रातच आणत होते.

“फेरू, गिरजाआजी पन्हं प्यायली ना? तिला आंबट चालत नाही, तोंड वाकडं करते ती.”

“या नावाचं घर माझ्या पानावर नाही.”

“असं कसं? तुझ्याच वस्तीत राहते ती! पाण्याच्या टाकीपलीकडे.”

“पानावर घरं त्रेसष्ट. भेटी त्रेसष्ट. काम पूर्ण.”

“आई,” चिनू माझ्याकडे वळली, “हा असं काय बोलतोय?”

मी चौदावं पान उघडलं. रुळांच्या कडेनं गेलेली खाणकामगारांच्या घरांची रांग पानाच्या डाव्या काठाला येऊन कापली गेली होती. उजव्या काठालाही तेच. काठावर एका घराचं अर्धं छप्पर दिसत होतं. टाकी नव्हती. टाकीपलीकडचं काहीच नव्हतं.

तीन दिवस. फेरू जातोच आहे, अशा भरवशावर तीन दिवस मी स्वतः एकदाही फिरकले नव्हते.

मेश्रामकाका खाणीतले निवृत्त मोजणीदार. खिशात कांदा आणि डोक्याला ओला पंचा, असे ते माझ्यासोबत निघाले. चिनूला मी केंद्रातच थांबवलं. गिरजाआजीच्या चौकटीवर शिक्का नव्हता. दार नुसतं लोटलेलं होतं. आजी जमिनीवर पडली होती, अंग कोरडं आणि तव्यासारखं तापलेलं. ती मला ओळखत नव्हती, कुणाला तरी गाय बांधायला सांगत होती.

“चादर भिजवा आणि गुंडाळा तिला!” काका ओरडले. “मी गाडी बोलावतो, आणि शेजारी वारलूबाबाला बघतो.”

ते बघून आले ते डोक्यावरचा पंचा काढूनच. वारलूबाबा दुपारीच गेले होते.

आजी वाचली. मुलांनो, मी हे तुमच्यापासून लपवणार नाही : वारलूबाबा वाचले नाहीत, आणि त्यात माझ्या पानाचा वाटा होता.

दोन दिवसांनी दवाखान्याच्या बाकावर चिनूनं विचारलं, “काका, फेरू खोटं बोलला का?”

“नाही गं. त्याला दिलं तेवढं त्यानं केलं. आण ती वही.” काकांनी वहीच्या पुठ्ठ्यात एक चौकोनी खिडकी कापली आणि गिरजाआजीच्या परगावाहून आलेल्या सुनेनं आणलेल्या भाजीतली शेवग्याची शेंग बाकावर ठेवली. “खिडकीतून बघ. शेंग पूर्ण दिसते?”

“मधलीच दिसते. दोन्ही टोकं गेली.”

“खिडकी तशीच धर आणि मागे सरक. अजून... आता?”

“आता अख्खी दिसतेय! पण बारीक झाली.”

“ही खिडकी म्हणजे पान. तिच्यातून जेवढं दिसतं ती पानाची व्याप्ती (जमिनीचा किती भाग पानावर येणार, ते). आणि तू मागे सरकलीस, ते प्रमाण बदललंस (नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर किती, ते). तुझ्या आईनं सगळ्या बत्तीस पानांना एकच प्रमाण ठेवलं, घरं सगळीकडे सारखी दिसावीत म्हणून. एक सेंटिमीटरला दहा मीटर. पानाची खिडकी अडतीस सेंटिमीटर. मग किती मीटर मावतील?”

“तीनशे ऐंशी.”

“वस्ती पाचशे वीस मीटर. संगणकानं वस्तीचा मध्य पानाच्या मध्यावर ठेवला आणि दोन्हीकडून सत्तर-सत्तर मीटर कापले.”

“मग त्यानं चूक शून्य का म्हटलं?”

काकांनी माझ्याकडे बघितलं. उत्तर मी दिलं. “कारण मी सांगितलेलं प्रमाण त्यानं बरोबर पाळलं होतं. सगळी घरं आली का, हे मी त्याला विचारलंच नव्हतं.”

आजीला दवाखान्यात पोचवलं त्याच संध्याकाळी, त्याच तासाला मी चौदावं पान पुन्हा बनवलं होतं. एक सेंटिमीटरला पंधरा मीटर, म्हणजे पाचशे सत्तर मीटर मावले, आणि दोन्ही टोकांना पंचवीस मीटर मोकळी जागा. घरं लहान दिसू लागली, पण सगळी दिसली. मग एक साधी वजाबाकी केली. गावात घरं दोन हजार एकशे अठरा, बत्तीस पानांवर मिळून दोन हजार एकशे सात. अकरा घरं कमी, सगळी चौदाव्या पानाच्या काठांबाहेरची; उरलेली नऊ दारं आम्ही त्याच रात्री वाजवली. ही वजाबाकी पहिल्याच दिवशी दोन मिनिटांत झाली असती.

आता चिनू फेरूला एक नवा प्रश्न शिकवतेय. रस्ता पानाच्या काठावर संपत नसेल, तर त्यानं थांबून विचारायचं : पुढे कोण राहतं? पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो शिकेल असं काका म्हणतात. तो शिकेल, पण तोवर आपण आहोत ना?

तुमच्या रस्त्याच्या अगदी टोकाच्या घरात कोण राहतं? त्यांना शेवटचं कधी पाहिलंत? आज ऊन उतरलं की डोक्याला रुमाल बांधा, घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि तिथवर जाऊन या. दार वाजवा. आतून उत्तर येईपर्यंत परत फिरू नका.