दुसरा शेअर

नमिता जुईनगरच्या त्या सोसायटी हॉलमध्ये गेली होती ती मावशीने मागून आणलेली सतरंजी परत करायला. आत टेबलावर रेल्वेचा नकाशा पसरून तिघं बसले होते, आणि त्यांना चौथा भिडू हवा होता. "पाच मिनिटं आहेत का?" त्यांतल्या विपुलने विचारलं. बाई गं, त्या पाच मिनिटांचे पाच रविवार झाले!

खेळात रेल्वे कंपन्यांचे शेअर घ्यायचे, विकायचे. ज्याच्याकडे जास्त शेअर, तो मालक. कंपनीकडे इंजिन नसलं, तर मालकाने स्वतःच्या खिशातून घ्यायचं. नाही जमलं, की दिवाळं. विपुल हे सगळं पाढे शिकवल्यासारखं सांगायचा. मधेच तिच्याकडे बघायचा... आणि पटकन नकाशाकडे.

पाचव्या रविवारी त्याच्या कंपनीचं इंजिन भंगारात निघालं. कंपनी दुसऱ्याच्या गळ्यात मारायची, तर समोरच्याकडे निदान दोन शेअर लागतात. नमिताकडे एक होता. तिने शांतपणे दुसरा घेतला.

"अगो, येरी झाली का तू?" शेजारी बसलेला हरेश ओरडला. "आता तुज्याच गल्यान मारंल तो!"

तिला ठाऊक होतं. या हिशेबी माणसाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे का, एवढंच तिला बघायचं होतं. असेल तर तो वाचवेल. नसेल तर पुढच्या रविवारी यायचंच नाही.

विपुलने एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि... शेअर विकून टाकले.

"कंपनी तुझी."

इंजिनाला पैसे कुठले असणार! तिचं दिवाळं निघालं. खेळातल्या नोटांसाठी डोळे भरून यावेत, याची तिला लाजच वाटली. तिने पर्स उचलली.

"थांब ना," विपुल म्हणाला. "कुणाचं दिवाळं निघालं, की खेळ तिथेच संपतो. नियमच आहे."

"माहितेय. जिंकलास ना? झालं तर मग."

"मी नाही, हरेश जिंकला. पडत्या भावात विकले मी. चार वर्षांत पहिल्यांदा हरलोय."

"मग विकलेस कशाला?"

"नाहीतर नऊपर्यंत चालला असता खेळ. आणि तू सातला घरी जातेस." त्याने घड्याळ पाहिलं. "आत्ता चार वाजलेत. तीन तास मिळतात... तुझ्याबरोबर. मला तू आवडतेस, नमिता. पाच रविवार सांगायचं म्हणतोय, पण दर वेळी कुणाची तरी पाळी येते."

हरेश नोटा मोजायचा थांबला.

नमिताने डोळे पुसले, आणि मग तिला हसूच फुटलं.

"वेडा आहेस तू," ती म्हणाली. "अरे, नऊला गेले तरी चालतं मला."