पडद्यापलीकडचं दुकान

"माझी कात्री कुठंय?"

तिने विचारलं तेव्हा तिचा नवरा पिशवी खांद्याला अडकवून दारात उभा होता. आजारपणानंतर तिचे शब्द सावकाश, चाचपडत बाहेर पडत. पण आजचे शब्द सरळ येऊन लागले. मांडीवर पडलेला निर्जीव उजवा हात डाव्या हाताने सावरत ती पलंगाच्या कडेला बसली होती आणि समोर तिची कामाची पेटी उघडी होती.

"माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "क्लासला नेतोय."

"कसला क्लास?"

"केस कापायचा. डेपोतून काढलं मला. काहीतरी करायला हवं ना... आणि तुझं दुकानही नुसतं बंद पडलंय."

तिने डाव्या हाताने पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "माझा हात गेलाय. मी नाही गेले अजून... तेवढं तरी थांबायचं होतं तुम्ही."

त्या वाक्याने त्याचं अंतःकरण विदीर्ण व्हायला हवं होतं, डोळे भरून यायला हवे होते... पण आत काहीच हललं नाही. त्याने चप्पल घातली, दार ओढून घेतलं आणि तो रस्त्याला लागला. गिऱ्हाइकाची वेणी घालता घालता ती खुर्चीशेजारी कोसळली, त्या दिवसापासून तो असाच होता. दवाखान्याच्या गॅलरीत डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं होतं, की बोलणं सुधारेल, चालणं सुधारेल, हाताची मात्र आशा धरू नका. त्याने मान डोलावली होती आणि लेकीसाठी चहा आणायला खाली गेला होता. तेव्हाचं ते बधिरपण अजून उतरलं नव्हतं. जेवणाला चव नव्हती, झोपेला विसावा नव्हता आणि दुःखालाही धार नव्हती.

डेपोतून त्याला कुणीही काढलं नव्हतं. लेकीने दुकानाची पुढची खोली भाड्याने द्यायची गोष्ट काढली, "बाबा, आई काही आता दुकान चालवणार नाही, उगाच कुलूप लावून काय करायचं?" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून राजीनामा दिला. सगळी हयात त्याने बस चालवली होती; पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर इंजिनाचा पहिला हुंकार ऐकला की त्याला अजूनही पोरासारखा आनंद व्हायचा. ते सगळं त्याने एका सहीनिशी सोडून दिलं... आणि घरी येऊन खोटं बोलला. खरं सांगितलं असतं, तर आपल्यामुळे यांचं स्टिअरिंग सुटलं हा सल ती उरात घेऊन बसली असती. त्यापेक्षा नवऱ्याची नोकरी गेली, हे दुःख तिला पेलण्यासारखं होतं.

क्लासमध्ये सगळ्या विशी-बाविशीच्या मुली. त्याला आधी वाटलं, कुणाचे तरी वडील म्हणून आपल्याला बाकावर बसवतील. शिकवणाऱ्या मॅडम त्याच्या लेकीच्या वयाच्या होत्या. रबरी डोक्यावरचे केस विंचरताना तो इतका जोर लावायचा, की ते डोकंच स्टँडवरून गर्रकन फिरायचं.

"काका, बस वळवताय का?" मॅडम म्हणायच्या. "हलक्या हाताने. ही बाई कुठे पळून चालली नाहीये."

मुली हसायच्या. तोही हसायचा, कारण हसण्याची वेळ आहे हे त्याला कळायचं. बोटांना कात्रीचे घट्टे पडले, कापलेल्या जागा चिघळल्या, भरल्या; घरी कुणी विचारलं नाही, त्यानेही दाखवलं नाही.

यथावकाश दुकान उघडलं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे फक्त एक पडदा. पडद्यापलीकडे ती पलंगावर, अलीकडे तो आरशासमोर. ती त्याच्याशी पाणी आणि औषध यांपलीकडे बोलत नव्हती. जुन्या गिऱ्हाईक बायका दाराशी यायच्या, आत पुरुष बघून ओशाळायच्या, तिची तब्येत विचारून परत फिरायच्या. शेवटी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "कापा हो. मला आता कोण बघायला येतंय?"

त्याने कात्री उचलली. पडद्यामागे जराही आवाज नव्हता, आणि त्या शांततेतच त्याला कळलं, की ती ऐकते आहे... कात्रीचा प्रत्येक आवाज, चुकलेला, अडखळलेला, सगळा.

बाई पुन्हा आल्या, येताना बहिणीला घेऊन आल्या. हळूहळू खुर्ची फार वेळ रिकामी राहीनाशी झाली. पण दुकान मिटवून तो आत जायचा तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. तो ताट वाढायचा, गोळ्या हातावर ठेवायचा, आणि तिच्या पाठीकडे पाहत आपण काय गमावलं, काय वाचवलं, याचा विचार करायचा प्रयत्न करायचा. विचारही धड पुढे सरकत नसे.

एका दुपारी त्याच्या बसवरचा जुना कंडक्टर आला. ड्रायव्हरला तो पायलटच म्हणायचा. "पायलट, कापा जरा डोकं. बघू तरी काय शिकलात." खुर्चीत बसून त्याने डेपोच्या गोष्टी सुरू केल्या, नवा ड्रायव्हर ब्रेक कसा मारतो, गाडीतली म्हातारी माणसं कशी ओरडतात, आणि मग बोलण्याच्या भरात म्हणाला, "साहेब अजून हळहळतात हो. किती विनवलं होतं तुम्हाला, राजीनामा मागे घ्या म्हणून... तुम्ही काही ऐकलं नाही."

त्याचा हात थांबला. "हळू बोल," तो कुजबुजला. पण बोललेलं आता परत घेता येणार नव्हतं.

पडद्यामागे पलंग करकरला. मग भिंतीला धरून, एक पाय ओढत येणारी पावलं... पडदा बाजूला झाला. दुकान उघडल्यापासून ती पहिल्यांदाच तिथे उभी होती.

"खोटं का बोललात?"

त्याने कात्री मिटली. कंडक्टर मानेभोवतीचं कापड मुठीत धरून आरशात पाहत बसला.

"सांगा ना. मला वाटत होतं, मी निरुपयोगी झाले म्हणून तुम्ही माझी जागा उचललीत. इतके दिवस भिंतीकडे तोंड करून मी तुम्हाला बोल लावत होते... मनातल्या मनात."

"कुलूप लागलं असतं, तर तू पुन्हा या खोलीत पाऊल ठेवलं नसतंस," तो म्हणाला. "हाताचं डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. पण दुकान तुझंच राहायला हवं होतं. कापणारा काय... कुणीही चालला असता."

तिने डाव्या हाताच्या पाठीने डोळे पुसले. मग नजर कंडक्टरच्या डोक्यावर गेली आणि तिथेच अडकली.

"डावी बाजू लांब राहिलीये," ती म्हणाली. "मान जरा खाली करा हो भाऊ. आणि अहो, कंगवा तिरका नाही, आडवा धरा. पडद्याआडून रोज ऐकतेय, एकाच जागी चुकताय."

त्याने कंगवा आडवा धरला. ती स्टुलावर बसून सांगत गेली, तो कापत गेला. कंडक्टर निघाला तेव्हा दोन्ही बाजू सारख्या होत्या. दारातून त्याने दोघांकडे पाहिलं आणि तो पायरी उतरला.

ती उठली, खुर्चीचा हात धरून सावकाश वळली आणि बसली. दवाखान्यातून आल्यापासून तिने केसांना लेकीशिवाय कुणाला हात लावू दिला नव्हता. तीही कशीबशी एक गाठ मारून जायची. आता तिने डाव्या हाताने ती गाठ सोडली.

"माझे कापा."

"किती?"

"तुम्ही सुरू करा. मी सांगते."

त्याने तिचं डोकं तळहातांत धरून सरळ केलं. ते ऊबदार होतं, ओळखीच्या वजनाचं होतं... आणि त्याच्या लक्षात आलं, की तिच्या खांद्यावर टपटप काहीतरी पडतं आहे, आणि ते केस नाहीत. ती आरशात पाहत होती. त्याचं पुरतं रडून होईपर्यंत ती वाट पाहत राहिली.