लेकरू गप झालं

लाईट गेली तर जाऊ द्या. "लिंबाजीमामा, सांगा, सांगा" म्हणताय मला, तर सांगतो. पण ज्याच्या घरी लहान लेकरू हाय त्यानं आताच उठून गेलेलं बरं. मी राग धरणार न्हाई.

ऐकीव गोष्ट न्हाई ही. उदगीरचे गुरुपादप्पा तुम्हाला माहीत हायेत, किराणा दुकानवाले. त्यांची थोरली रुद्राणी डॉक्टर हाय. तिच्यासंगं घडलेलं. तिनं एकदाच सांगितलं, बापासमोर बसून. मी शेजारी होतो.

साल दोन हजार सोळा. येळवसची, येळ अमावस्येची रात्र. नऊ जानेवारी, शनिवार. आता त्या साली येळवस कसली? रानात हिरवं पान न्हवतं. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन जागीच वाळली. प्यायचं पाणी टँकरनं यायचं. तरी लोक रानात गेले. कडब्याची कोप, खोपटासारखी, उभी केली, पूजा मांडली, उघड्या ढेकळांत बसून डाळी-पालेभाज्यांची भज्जी खाल्ली, आंबिल प्याली. पीक न्हाई म्हणून लक्ष्मीला उपाशी ठेवायचं का?

रुद्राणीची नेमणूक शिरूर अनंतपाळच्या पुढं, एका गावच्या सरकारी दवाखान्यात होती. गावाचं नाव घेत न्हाई. उदगीर जिल्हा होणार, मग असल्या दवाखान्यांना सगळं मिळणार, असं तेव्हा रोज कानावर यायचं. अजूनबी येतं. त्या दिवशी कुणीतरी तिला रानात जेवायला बोलावलं होतं. अंधार पडता पडता ती परत आली ते नर्स शिवकांतासाठी डबा घेऊन. शिवकांता बिचारी सणाच्या दिवशी ड्युटीवर एकटी. डबा द्यायचा अन् झोपायला जायचं, एवढंच काम होतं.

डबा उघडायच्या आधीच धुरपताबाई आली. कडेवर नातू, दोनेक वर्षांचा. त्याचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. पोराला आधी नुसती सर्दी होती. रानातून आल्यावर खोकला सुरू झाला. खोकला म्हणजे कसा... कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तसा. अन् श्वास आत घेताना घशातून करकर आवाज.

रुद्राणीनं त्याला हात लावला न्हाई. आजीच्या मांडीवरच बसू दिलं. असलं लेकरू रडवायचं नसतं, ती सांगत होती. घशात चमचा घालून बघायचं नसतं. रडलं की सुजलेली नळी अजून आवळते. ती समोर बसून नुसती बघत राहिली. खोकला किती मोठा, ह्याला किंमत न्हाई. लेकरू निवांत बसलं असतानाबी ती करकर येते का, हे बघायचं. येत होती. गळ्याखालची खळगी अन् बरगड्या आत ओढल्या जातात का? जात होत्या. पण ओठांचा रंग बरा होता. हाक मारली की बघत होतं. म्हणजे दुखणं जोरात होतं, पण लेकरू अजून झुंजत होतं.

तिनं स्टेरॉईडचं औषध पाजलं. त्याचा गुण यायला वेळ लागतो, म्हणून मशीनवर औषधाची वाफ दिली. वाफेचा गुण लगेच येतो, पण टिकत न्हाई. लातूरला हलवायचं ठरलं. दवाखान्याची गाडी एका बाळंतिणीला घेऊन गेलेली. खाली रेंज न्हवती, म्हणून शिवकांता दुसऱ्या गाडीसाठी फोन लावायला गच्चीवर गेली.

वाफेनं पोराला बरं वाटलं. आजीच्या बांगड्यांशी खेळायला लागलं.

तेव्हा बाहेरून खोकला आला.

तसाच. भुंकल्यासारखा.

रुद्राणीला वाटलं, गावात साथ हाय, दुसरं लेकरू आलं. धुरपताबाईला म्हणली, हलू नका, मी आलेच. दारात आली. आवारात, आटलेल्या बोअरपाशी एक बाई उभी होती. डोक्यावरून पदर. छातीशी गुंडाळलेलं लेकरू.

आत या, म्हणली. बाई हलली न्हाई. करकर मात्र दारापर्यंत ऐकू येत होती.

रुद्राणी पायऱ्या उतरली. चालत गेली. अन् मग तिच्या ध्यानात आलं...

जवळ गेलं की आवाज वाढायला पाहिजे. हा कमी होत होता. एकेक पावलाला बारीक. अजून बारीक. हाताच्या अंतरावर पोचली...

बंद.

"कधीपासून हाय असं?"

बाई खाली बघत होती. तशीच बोलली.

"आता गप झालंय. उतार पडला म्हणले लोक. घेऊन चालले घरी."

रुद्राणीनं लगेच ओळखलं, हा उतार न्हाई. कारण ओढून ओढून लेकरू थकलं की मग आवाज बंद होतो. श्वासच पुरता आत जात न्हाई, तर वाजेल काय? लोकांना वाटतं, आराम पडला.

तिनं हात पुढं केला, दाखवा म्हणली. बाईनं मान वर केली. पण हिच्याकडं बघितलं न्हाई. हिच्या मागं बघितलं. दवाखान्याच्या उजेडाकडं.

"तुमचं बी गप झालं."

रुद्राणी पळाली.

आत धुरपताबाईनं हातानंच खुणावलं, हळू.

"झोपलं बघा लेकरू. आवाज बी गेला."

ओठ राखेसारखे. मान सैल...

तिनं सगळं केलं. परत वाफ दिली. ऑक्सिजन लावला, तोंडावर मास्क धरून फुग्यानं श्वास दिला. शिवकांता धावत खाली आली. गाडी आली. वाटभर रुद्राणीनं फुगा दुसऱ्याच्या हातात दिला न्हाई. लातूरचे दिवे दिसायला लागले, तेव्हा ती दाबतच होती. पण आता उपयोग न्हाई, हे तिला कळलं होतं.

 लातूरच्या दवाखान्याच्या फाटकात धुरपताबाईनं एकच विचारलं.

"झोपेतच गेलं न्हवं, बाई?"

रुद्राणी हो म्हणली.

उजाडताना ती गावात परतली. शिवकांताला विचारलं, ती बोअरपाशी बाई आली होती, तिचं लेकरू कुठं हाय?  शिवकांता म्हणली, मॅडम, मी गच्चीवरून बघत होते. तुम्ही एकट्याच उभ्या होत्या तिथं. हात पुढं करून.

गावात विचारलं. कुणी तोंड उघडेना. एका म्हाताऱ्यानं तेवढं विचारलं, "लेकरू दाखवलं का तिनं?"

न्हाई, म्हणली.

"म्हणजे मग ठेवून गेली," एवढं म्हणून म्हातारा उठून गेला.

दवाखान्याच्या मागंच तिची राहायची खोली. कुलूप तिनंच लावलेलं, आदल्या दिवशी. किल्ली तिच्याच पर्समध्ये. कुलूप उघडलं. आत सगळं जागच्या जागी. खिडकी बंद. खाटेवर चादर ताणलेली, सुरकुती न्हाई...

फक्त उशीवर खळगा पडला होता. लहान. लेकराच्या डोक्याएवढा.

तिनं हात लावला.

गरम होता.