हात न लावता

दाढदुखीच्या वेळी कुणी प्रेमात पडत नाही, असं त्या दातांच्या डॉक्टरला वाटायचं. पण दाढ दुसऱ्याची होती ना!

सकाळी सकाळीच ती दवाखान्यात शिरली. केस ओले, एक हात गालावर. दाढ भरून घेताना आ वासूनच ती काहीतरी सांगत होती. त्याला एक अक्षर कळेना. तो आपला "हो हो, नक्की" म्हणत राहिला. चूळ भरून ती उठली, तेव्हा तिचे डोळे लकाकत होते.

"मग ठरलं! येताय ना होडीत?"

"कुठल्या होडीत?"

"अहो, समोरच्या बेटावरून मी इकडे पोहत येणार आहे. खाणंपिणं द्यायला सोबत माणूस हवाय. तुम्ही आत्ताच नक्की म्हणालात!"

ती इस्पितळात नर्स होती, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या कक्षात. तिथे उबेच्या पेट्या कमी पडत. जागा नाही म्हणून बाळांना दूरच्या शहरात पाठवावं लागे, आणि तेवढी वाट सगळ्यांनाच झेपत नसे. तिच्या पोहण्यासाठी गावाने नव्या पेट्यांना देणग्या कबूल केल्या होत्या, पण ती किनाऱ्याला लागली तरच.

"पण सिस्टर—"

"सिस्टर म्हणू नका हं," दारातून मागे वळून ती म्हणाली. "निदान तुम्ही तरी... नको."

डॉक्टरसाहेब आरसा हातात धरून तसेच उभे!

एकदा तिने त्याला कक्ष दाखवला. काचेपलीकडे पेटीत एक बाळ होतं, त्याच्या तळहातावर मावेल एवढं. तिने आत हात घालून करंगळी पुढे केली आणि त्या जिवाने ती घट्ट धरली. एवढीशी मूठ, आणि केवढी पकड!

"बघितलंत?" ती हळूच म्हणाली. "हे एवढंसं असून हटत नाही. मग मी कशी हटू?"

पोहण्याच्या दिवशी होडी चालवायला तिचा दादा होता. होडी हलली आणि डॉक्टरने दोन्ही हातांनी तिची कड घट्ट धरली.

"पोहतेय ती, आणि तोंड तुमचं पांढरं?" दादा हसला. "एक लक्षात ठेवा. तिला हात लावायचा नाही. तिने होडी धरली किंवा आपण तिला धरलं, की सगळं बाद."

लांब काठीच्या टोकाला पेला अडकवून डॉक्टर तिला कोमट पेज देत होता. पाण्यावर तरंगत ती दोन घोट घ्यायची, डोळे मिचकावायची... की पुन्हा निघाली! चहूकडे अफाट पाणी, आणि त्यात तिचा एक हात वर येतोय, बुडतोय, पुन्हा वर येतोय. तो बघतच राहिला. माणूस एवढा लहान असतो? आणि एवढा मोठा?

किनाऱ्यावरच्या घरांच्या खिडक्या दिसू लागल्या आणि ओहोटी लागली. ती पोहत होती, पण किनारा जवळ येईना. ओठ निळे पडले. हात जड झाले. दादाचा चेहरा उतरला.

"काढू या हिला वर—"

डॉक्टरने वाकून हात पुढे केला. आता वीतभरच अंतर होतं.

"हात लावलात तर... याद राखा!" ती धापा टाकत ओरडली.

"मग काय करू मी?"

"बोला... काहीही..."

तो दाढांबद्दल बोलला. हवेबद्दल बोलला. मग शब्द संपले आणि खरं तेच तोंडून निघालं. "तुम्ही आलात त्या दिवसापासून माझं कशात लक्ष नाही. मला पाण्याची भीती वाटते, तरी इथे बसलोय. जन्मभर बसेन. फक्त... तुम्ही पोहत राहा!"

"मी बहिरा आहे असं समजा," दादा आकाशाकडे बघत पुटपुटला.

तिचा हात वर आला. मग दुसरा.

वाळूला पाय लागले तशी ती उभी राहिली, कोसळली, पुन्हा उठली. काठावर बाळांचे आईबाप श्वास रोखून उभे होते. कुणी टाळीसुद्धा वाजवेना. तो गुडघाभर पाण्यात उडी मारून तिच्या बाजूने चालत होता, दोन्ही हात पसरून, तिला न शिवता. कोरड्या वाळूवर तिचं पाऊल पडलं आणि निकाल द्यायला उभ्या असलेल्या पंचाने शिट्टी फुंकली. गर्दीतून एकच कल्लोळ उठला.

ती वळली. गारठलेली, सुरकुतलेली बोटं तिने त्याच्या गालावर ठेवली.

"कानात पाणी गेलं होतं माझ्या. मघाशी काय म्हणालात... पुन्हा सांगा ना."

तो तोंड उघडून उभा.

"राहू द्या," ती हसली, आणि तिचं ओलं डोकं अलगद त्याच्या खांद्यावर टेकलं. "ऐकलंय मी सगळं. त्याच्या जोरावरच तर आले इथवर."