किहीमच्या वाडीतला तिसरा अंक

मचवा मांडव्याला लागला तेव्हा ओहोटी होती. साऱ्या मंडळींना चिखल तुडवत किनारा गाठावा लागला आणि त्या गडबडीत शकूची एक चप्पल नाहीशी झाली. ती वाकून चाचपडत होती, तोच धुक्यातून कोणीतरी परत आलं.

“ही आपली का?”

अनंता! वर्षभर दोघं एकाच वर्गात बसत होते, ती पुढच्या बाकावर, तो पार मागं. पण एकमेकांशी बोलत होते ते आजच.

“हो… कुठं सापडली?”

“समुद्र घेऊन चालला होता. म्हटलं, एका चपलेचं काय करशील बाबा?”

शकूला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाशी धरला.

एकोणीसशे बत्तीसचा नाताळ होता तो. विद्यापीठातल्या मराठी शाखेचं वाङ्मय मंडळ दरवर्षी सहलीला निघे. यंदा प्रोफेसर हरेश्वर मोडकांनी किहीमला एका स्नेह्याचा बंगला मिळवला होता. त्यांच्या पत्नी कृष्णाबाई बरोबर होत्या, म्हणून तर शकूला घरून परवानगी मिळाली. अनंतानं एक नाटक लिहिलं होतं. ते इथं निवांत वाचायचं आणि पुढं स्नेहसंमेलनात करायचं असा बेत होता. शिवाय मोडकांनी ठरवलं होतं की नायिकेचं, म्हणजे रेवतीचं काम या वेळी मुलगा करणार नाही, शकू करील. शकूनं नाटक वाचून मान डोलावली होती खरी… पण वडिलांना हे सांगायचं धैर्य अजून तिला झालं नव्हतं.

दिवेलागणीला सारे पडवीत जमले. मागं नारळांची वाडी काळी होत चालली होती. झावळ्यांवरून दव टपटपत होतं. रेवतीचं पहिलं वाक्य आलं आणि शकू एकदम बावरली. इतक्या पुरुषांसमोर! तिनं तोंड उघडायचा प्रयत्न केला, पण शब्द फुटेना.

आणि तरीही रेवती बोलू लागली.

आवाज शकूचाच होता, पण कसा भरदार, मोकळा! तो तिच्या पाठीमागून, वाडीतून येत होता. शकू कागदावर नजर रोवून गोठल्यासारखी बसली. पहिले दोन अंक संपेपर्यंत तो आवाज एकदाही अडखळला नाही.

“शाबास!” मोडक म्हणाले. कृष्णाबाईंनी डोळे पुसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकटा अनंता मात्र पांढराफटक पडून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकू विहिरीपाशी एकटीच उभी असलेली पाहून तो जवळ आला.

“शकुंतलाबाई… काल वाचलं, ते तुम्ही नव्हतात.”

तिच्या हातातला तांब्या निसटला. “कशावरून?”

“तुमचे ओठ हलत नव्हते.”

“बाकी कुणाला नाही ते दिसलं!”

“बाकीचे कागदाकडं बघत होते,” अनंता जमिनीकडं बघत म्हणाला, “मी… तुमच्याकडं.”

भीतीनं की कशानं कोण जाणे, शकूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं घाईघाईनं तांब्या उचलला.

“नाटक कसं वाटलं?” त्यानं विचारलं.

“छान आहे,” ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

त्या संध्याकाळी तिसरा अंक वाचायला घेतला. शकूनं निर्धारानं तोंड उघडलं, तरी तिच्याआधी तो आवाज बोलू लागला. रेवतीची वाक्यं म्हणता म्हणता मध्येच म्हणाला, “पाणी खाली गेलंय. चला ना… किती वाट पाहू?”

“वा! हे नवीन घातलंस वाटतं?” मोडकांनी अनंताला विचारलं. अनंतानं नकारार्थी मान हलवली. ते वाक्य त्यानं लिहिलेलं नव्हतं.

बंगल्यावर मासळी द्यायला आणि पाणी भरायला नीराबाई कोळीण यायची. ती पायरीशी उभी होती. तिनं शकूला हाताला धरून आत नेलं.

“बाय, तुझ्या आवाजात कुनी बोलावतंय ना? ओ देऊ नको. अजाबात न्हाय. तू बोललीस का तिला तुझा ठिकाना लागतो.”

“कोण आहे ती?”

“नाव न्हाय घेत आमी.”

शकूनं रात्रभर कृष्णाबाईंचा हात सोडला नाही.

पहाटेच्या सुमारास मात्र तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर पांढरं धुकं होतं, आणि लांबून तिचाच आवाज लाडानं हाका मारत होता. “अनंत… ये ना!”

ती तशीच अनवाणी धावली. वाडीतून, सुरूंच्या झाडांतून, थेट वाळूवर आली. समुद्र पार मागं गेला होता, आणि त्या ओल्या वाळवंटात अनंता पाठमोरा चालला होता. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, मग मांडीला. त्याचे पाय थांबेनात.

ओ देऊ नको… शकूनं तोंडावर हात दाबून धरला. पाणी त्याच्या कमरेला पोचलं, आणि तिनं हात काढला.

“अनंतराव! मी इथं आहे!”

तो थबकला.

“मी इथं आहे,” समुद्रातून तोच आवाज म्हणाला. “तुझ्यासाठी सारं सोडून आले.”

अनंता भांबावून इकडं पाहू लागला, तिकडं पाहू लागला. दोघांमध्ये धुकं दाटून आलं होतं, त्याला कोणीच दिसत नव्हतं. “शकुंतलाबाई! नक्की कुठं आहात तुम्ही?”

“तू हाक मारलीस, मी आले,” पाण्यातली म्हणाली. “मला आणखी काही नको.”

ही तर रेवतीचीच वाक्यं! भीतीतही शकूला विलक्षण राग आला. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, “अनंतराव, तुमचा तिसरा अंक अगदी भिकार आहे!”

लाटसुद्धा ऐकू येईना.

“काय म्हणालात?” अनंताचा आवाज आला.

“भिकार! नुसत्या हाकेसरशी कुठली बाई सारं सोडून येते हो? तिला वडील नाहीत? विचार नाही? मला पहिल्या दिवसापासून सांगायचं होतं!”

धुक्यातून हसू आलं, खरंखुरं, ओळखीचं. मग पाणी कापत येणारी पावलं वाजली. अनंता निथळत तिच्यापुढं येऊन उभा राहिला, ओठ निळे पडलेले.

“इतका भिकार?”

“त्याहून.” तिला रडूच कोसळलं. “पण लिहिणारा… लिहिणारा मला आवडतो.”

त्यानं आपला गारठलेला हात पुढं केला, आणि तिनं तो दोन्ही हातांत धरला.

“तुमच्या वडिलांना भेटायला येऊ?”

“या. पण आधी मी बोलेन त्यांच्याशी. नाटकाचं आणि… तुमचंही.”

भरती लागली होती. दोघं बंगल्याकडं चालू लागली. मागं वळून कोणीच पाहिलं नाही. पण सुरूंच्या झाडांपर्यंत त्यांना ऐकू येत होतं, पाण्यात कोणीतरी तिसऱ्या अंकातली रेवतीची वाक्यं म्हणत होतं, एकामागून एक, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून उत्तराची वाट बघत होतं.