उसवलेल्या बारा ओळी

तो चहा आणायला उठला आणि त्याच्या मागोमाग तिची गोधडीही निघाली.

आधी गोधडीचं टोक गेलं, मग मांडीवरची कात्री खाली पडली, मग दोऱ्याची रिळं गडगडत बाकाखाली गेली. तिने घाईघाईने गोधडी मागे ओढली, तसा तोही मागच्या मागे बाकावर आदळला.

"अहो, ओढताय कशाला?"

"तुम्हीच माझी गोधडी घेऊन चाललात!"

"मी? मी कशाला तुमची..." त्याने पाठीमागे हात नेऊन चाचपलं आणि त्याला हसूच आवरेना. "मॅडम, तुम्ही मला शिवून टाकलंय."

खरंच होतं. त्याच्या शर्टाची मागची किनार चांगली वीतभर गोधडीला जोडली गेली होती. दोघं एकाच बाकावर, शर्टाचं टोक बाकावर पसरलेलं आणि हिचं नाक कामात खुपसलेलं. ती लाल झाली, जीभ चावली, आणि कात्रीचं टोक घालून त्याच्या पाठीमागे एकेक टाका सोडवायला लागली.

"एका इंचात किती टाके घातलेत हो हे?" तो मान वळवून बघत म्हणाला.

"अकरा."

"शर्ट विकत घेतला तेव्हाही त्याला एवढी चांगली शिलाई नव्हती. राहू द्या ना... मी गोधडीसकट हिंडेन."

"हलू नका," ती म्हणाली. पण हसू तिलाही आलं होतं, आणि तो पुढे बघत होता म्हणून बरं.

अकरा टाक्यांचं कारण सोपं होतं. ती शर्टाच्या कारखान्यात तपासणीला होती. तयार शर्ट तिच्या टेबलावर यायचे आणि जिथे शिवण चुकली तिथे ती लाल बाणाची बारीक चिकटपट्टी लावून तो शर्ट परत पाठवायची. नऊ वर्षं हेच. संध्याकाळी कारखाना सुटून घरी आली तरी डोळे सुटत नव्हते. परवा भाच्याच्या वाढदिवसाचे फोटो बघताना ती म्हणाली होती, "मागच्या पडद्याची शिवण वाकडी आहे." ताईने फोन बाजूला ठेवला. "तुला पडदा दिसला. माझा मुलगा दिसला नाही." आणि कारखाना आठवडाभर बंद राहणार होता, तेव्हा ताईने परस्पर तिचं नाव या हातशिलाईच्या आठवड्यात घालून टाकलं.

तळ्याकाठच्या त्या बैठ्या घरात मशीन नव्हतं, इस्त्री नव्हती, भिंतीवर घड्याळही नव्हतं. मोठ्या खिडक्यांची एक लांबच लांब खोली, मध्ये बाकं, आणि दहाबारा माणसं सुई-दोरा घेऊन सोमवार ते शनिवार सावकाश शिवत बसायची. घर ज्यांचं, त्यांना सगळेच आत्या म्हणायचे. खरी आत्या मात्र त्या फक्त त्याच्या होत्या. तो म्हणे त्यांच्या मदतीला आला होता. धंद्याने दातांचा डॉक्टर. हे कळल्यापासून जेवणाच्या टेबलावर सगळे त्याच्यासमोर तोंड मिटून हसत होते.

आत्यांनी पहिल्याच दिवशी दोन नियम सांगितले होते. घाई करायची नाही, आणि दुसऱ्याच्या कामाला सुई लावायची नाही. पहिला नियम तिला जमेना. दर तासाला आत्या मागे येऊन उभ्या राहायच्या. "तुला कुठली गाडी गाठायची आहे का गं?"

"सवय आहे, आत्या."

"मोड ती."

तिच्या शेजारी त्याचं काम चालायचं. पांढऱ्या जाड सुती कापडावर निळ्या दोऱ्याने धावदोरा, एकाखाली एक ओळी, दिवसाला एक. फूल नाही, पान नाही, नुसत्या ओळी. आणि काय त्या ओळी! पहिल्या डझनभर तर भूकंपातच शिवल्या असाव्यात. पुढच्या जरा माणसात आलेल्या. पण सुई बघावी तर गोणी शिवायची, आणि धरायची ती अशी, जणू ती आत्ता उडून जाणार आहे.

"हे नक्की काय होणार आहे?" तिने मंगळवारी विचारलं.

"टेबलक्लॉथ. माझ्या दवाखान्यातल्या टेबलावर घालायला."

"पेशंट बघतील की!"

"बघू देत."

"अहो, हे टाके बघून ते दात तसेच घेऊन पळतील."

तिने पर्समधून लाल बाणांची पट्टी काढली आणि त्याच्या ताज्या ओळीवर एक बाण लावला. त्याने गंभीर चेहऱ्याने तो बाण उचलला, तिच्या दोन भुवयांमधल्या आठीवर चिकटवला आणि म्हणाला, "हा दोष आधी दुरुस्त करा." समोरच्या बाकावरच्या बायका खो खो हसल्या. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर त्याची धडगत नव्हती. इथे मात्र तिने बाण बराच वेळ तसाच राहू दिला.

बुधवारी त्याच्या बोटाला सुई लागली. रक्ताचा थेंब आला आणि त्याला पत्ताच नाही. "टोचलं ना तुम्हाला!" ती ओरडली. त्याने बोटाकडे पाहिलं, मग चटकन हात खिशात घातला. "हो का? लक्ष नव्हतं." केवढा सोशिक माणूस आहे, असं तिला वाटलं. गुरुवारी पावसाची बारीक झड आली, खिडक्या मिटल्या, दोघं एका दिव्याखाली सरकून बसले, आणि त्या दिवशी तिचे टाके इंचाला अकरावरून सातावर आले. आत्या ते पाहून गालातल्या गालात हसल्या.

शुक्रवारी रात्री जेवताना ताईचा फोन आला. "कसं चाललंय?"

"बरं चाललंय."

"शिवण बरी चाललीय की आणखी काही? आवाज वेगळा येतोय तुझा."

"सर्दी झालीय," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

शनिवार शेवटचा दिवस. दुपारी सगळे होडीत बसून तळ्यावर गेले, तोही गेला. ती डोकं दुखतंय म्हणून मागे राहिली. डोकं काही दुखत नव्हतं. तिला त्याला काहीतरी द्यायचं होतं. उद्या जो तो आपल्या वाटेने जाणार, आणि "तुम्ही मला आवडता" हे वाक्य तिच्या तोंडून सात जन्मांत निघालं नसतं. तिला येत होतं ते एकच. ती चुका दुरुस्त करू शकत होती.

तिने त्याचं कापड उचललं आणि सगळ्यात वाकड्या, वरच्या बारा ओळी उसवल्या. दुसऱ्याच्या कामाला सुई लावायची नाही, हे तिला आठवत होतं. पण हे भेट म्हणून आहे, असं तिने मनाला समजावलं. मग आपल्या बारीक सुईत तोच निळा दोरा ओवून तिने बाराच्या बारा ओळी सरळ, सारख्या, सुरेख घातल्या. इतकं जीव लावून तिने स्वतःसाठीही कधी शिवलं नव्हतं.

होडीवाले परतले. तिने कापड पाठीमागे लपवलं, मग पुढे केलं. "हे... तुमच्यासाठी."

त्याने कापड उलगडलं. वरपासून बघितलं. त्याच्या तोंडावरचा रंगच गेला.

"हे कुणी केलं?"

"मी. आवडलं नाही?"

"पहिल्या ओळी कुठायत?"

"उसवल्या. त्या फारच..." तिचा आवाज बारीक होत गेला.

तो बाकावर बसला. आत्याच पुढे आल्या आणि त्यांनी सांगितलं. तीन महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडून त्याचं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, पण अंगठा आणि पहिलं बोट बधिर झालं. हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी त्याला हे कापड दिलं होतं. रविवार सोडून रोज एक ओळ घालायची, कितीही वाकडी आली तरी उसवायची नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हात किती सुधारला, हे बघून त्या येत्या सोमवारी सांगणार होत्या, की तो पुन्हा लोकांच्या तोंडात अवजार घालू शकतो की नाही. नाही म्हणाल्या, तर दवाखाना मित्राच्या हाती जाणार होता. मित्र उत्तरासाठी थांबला होता.

"सांगायचं होतंत ना मला," ती कशीबशी म्हणाली.

"काय सांगणार?" तो पहिल्यांदाच तिच्यावर चिडला. "की माझ्या बोटांना सुई लागलेली कळत नाही? आठवडाभर तुम्ही माझ्याशी हसून भांडत होतात. कीव करायला लागला असतात. आणि तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो, माझं दुरुस्त करायला?"

पडद्यावरून ताई हेच म्हणाली होती, थोड्या वेगळ्या शब्दांत. तिला रडू आलं, आणि रडत रडतच तिने कापड पुन्हा हातात घेतलं. कारण तिला एक गोष्ट माहीत होती. कारखान्यात एकदा उसवलेला शर्ट ती कधीच पुढे जाऊ देत नसे. पुन्हा कितीही छान शिवला तरी जुन्या सुईची भोकं कापडात राहतात. धुतलं आणि इस्त्री केली की बुजतात, पण इथे इस्त्री कुठे होती?

"कात्री द्या," ती म्हणाली.

"आता आणखी काय?"

"माझ्या ओळी उसवायच्यात. तुमच्या तिथेच आहेत... असणारच. मेहेरबानी करून कात्री द्या."

तिने आपल्या बारा सुरेख ओळी एकेक करून काढल्या. एवढं सावकाश काम तिने आठवडाभरात केलं नव्हतं. सातव्या ओळीला त्याने दुसरं टोक धरलं. शेवटचा दोरा निघाला तेव्हा उन्हं कलली होती. तिने कापड खिडकीच्या काचेवर धरलं.

तिच्या बारीक सुईची भोकं दिसतही नव्हती. पण त्याच्या त्या गोणीच्या सुईची भोकं उजेडाने भरली होती. पहिली ओळ धडपडत, वर चढत, खाली घसरत गेलेली. दुसरी तिच्यापेक्षा जरा बरी. तिसरी आणखी जरा. प्रत्येक ओळीत एक माणूस पुन्हा पहिल्यापासून शिकत होता, आणि तिने नुसता वाकडेपणा बघितला होता.

"किती कष्ट घेतलेत तुम्ही," ती म्हणाली. "मला दिसलंच नाही."

तो तिच्या शेजारी उभा राहून बघत होता. राग उतरला होता, पण हसू अजून परतलं नव्हतं. "बाई मानतील का हे? दोरा नाही, नुसती भोकं..."

"मी येते सोमवारी. चूक मी केली, मीच सांगेन."

"रजा आहे?"

"काढेन. नऊ वर्षांत काढली नाही."

सोमवारी सकाळी दोघं व्यायामाच्या बाईंच्या खोलीत बसले होते. बाई उंच, चष्मेवाल्या आणि कमी बोलणाऱ्या. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, "यांचा काही दोष नाही. सगळा माझा आहे." कापड घेऊन बाई खिडकीशी गेल्या, उजेडावर धरलं, भोकांवरून बोट फिरवत एकेक ओळ खाली आल्या. मग त्याच्यापुढे बारीक सुई आणि दोरा ठेवला. "ओवा."

पहिल्यांदा दोरा चुकला. मदतीला पुढे जाऊ बघणारे हात तिने मांडीखाली दाबून ठेवले. दुसऱ्यांदा दोरा गेला.

"छान," बाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यापासून दवाखाना सुरू करा. आधी नुसते दात साफ करायचे. दाढा काढायची घाई नको."

त्याने डोळे मिटून घेतले. हिच्या डोळ्यांतून तर पाणी वाहायलाच लागलं. पण बाईंचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी कापडाची खालची कड वर धरली.

"एक मला कळत नाही. आठ दिवसांपूर्वीपर्यंत हात ओळीगणिक सुधारलाय. मग या शेवटच्या सहा ओळी अशा का भरकटल्यात? एक तर अर्ध्यातच बाजूला गेलीय. बोटं पुन्हा बधिर झाली होती का?"

"नाही."

"दुखत होतं?"

"नाही." त्याचे कान लाल झाले. तो बाईंशी बोलत होता, पण बघत होता तिच्याकडे. "त्या सहा ओळी घातल्या ना... तेव्हा मी कापडाकडे बघत नव्हतो."

बाईंनी चष्मा काढला, एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि फाईल उघडून पेन उचललं. "मग मी काय लिहू? या सहा ओळी दोषात धरायच्या की नाही?"

तिने ते कापड आपल्याकडे ओढून घेतलं. सोमवार, मंगळवार, बुधवार... एकही ओळ सरळ नव्हती. गुरुवारची तर पार उतरणीला लागलेली. नऊ वर्षांत असं काही तिच्या टेबलावरून पुढे गेलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "यातला एक टाकाही हलवायचा नाही. आणि तुम्ही... तुम्ही मला फार आवडता. हे शनिवारीच सांगायला हवं होतं मी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"त्यापेक्षा बारा ओळी शिवणं सोपं वाटलं."

तो मोठ्याने हसला. तिचा हात त्याने आपल्या त्या दोन अर्धवट जाग्या बोटांत धरला, आणि किती घट्ट धरलाय हे त्याला कळत नसल्यामुळे जरा जास्तच घट्ट धरला. तिने काही दुरुस्त केलं नाही.